ल्युबेकचं मीठ

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘माझे परदेशातील अनुभव’. वेळ पंधरा मिनिटं. वर एक सूचनाही केली, "फोटो दाखवत बसू नकोस, पुढे जेवण आहे." तेव्हा सगळे अनुभव सांगत नाही. एकाच रविवारची गोष्ट सांगते. ती सुरू होते जर्मनीत, पण संपते इथून चालत दहा मिनिटांवर.

आधी भूगोलाच्या सरांची एक थकबाकी चुकती करते. सर, नववीत तुम्ही मला भिंतीवरच्या नकाशात बाल्टिक समुद्र दाखवायला सांगितला होता आणि मी काळ्या समुद्रावर पट्टी ठेवली होती. त्याबद्दल मी तास संपेपर्यंत उभी होते. सर, आता दाखवता येईल. त्यात हात बुडवून आले आहे.

२०१८ साली कंपनीच्या कामासाठी मी सहा महिने हॅम्बुर्गला होते. काम होतं जहाजांवरच्या कंटेनरांचा माग ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. कुठला डबा कुठल्या बंदरात चढला, कुठे उतरला, कुठे अडकला, हे दिवसभर बघायचं. या कामात जगातल्या प्रत्येक बंदराला पाच अक्षरांचा एक कोड असतो. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन गावाची. आपल्या शेजारच्या बंदराचं अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू बंदर, पण कोड आहे ‘आयएनएनएसए’. आयएन म्हणजे भारत आणि एनएसए म्हणजे न्हावा शेवा. परक्या देशात, थंडीत, पडद्यावर ती अक्षरं दिसली की मला उगीच बरं वाटायचं. घराजवळच्या बसथांब्याचं नाव वाचल्यासारखं. त्या अक्षरांत एक गाव आहे, हा विचार मात्र तेव्हा कधी मनात आला नाही.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. माणसं शांत. खोलीवर बसून आमटी-भात करून तरी किती करणार? म्हणून एका रविवारी मी हॅम्बुर्गहून ल्युबेकची गाडी पकडली. पाऊण तासाचा प्रवास. म्हणजे आपल्या हिशेबात वाशी ते सीएसएमटी, फक्त बसायला जागा मिळते.

ल्युबेक हे बाल्टिक समुद्राचं जुनं बंदर. शहर अगदी समुद्रावर नाही, वीसेक किलोमीटर आत, त्रावे नावाच्या नदीवर आहे. जुन्या काळी आपल्या पनवेलला खाडीतून गलबतं यायची ना, तशी इथे नदीतून जहाजं यायची. मध्ययुगात उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांनी मिळून एक संघ केला होता, हान्से त्याचं नाव. जवळपास २०० शहरं त्यात होती आणि ल्युबेक त्यांचं अग्रणी. राजाशिवाय, व्यापाऱ्यांनी चालवलेलं शहर. १६६९ साली त्या संघाची शेवटची सभा झाली, तीही ल्युबेकलाच.

स्टेशनवरून चालत निघालं की समोर शहराची वेस येते. होल्स्टेन्टोर तिचं नाव. लाल विटांचे दोन जाडजूड मनोरे, वर टोकदार टोप्या. १४६४ ते १४७८ या काळात बांधलेली. पहिल्यांदा बघताना मला वाटलं, आपला चष्मा वाकडा झाला. चष्मा सरळ होता, वेसच वाकडी आहे. खालची जमीन दलदलीची, त्यामुळे बांधत असतानाच मनोरे खचायला लागले. आपण खाडी बुजवलेल्या जागी वाढलेली मुलं. मला त्या वेशीबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

एकोणिसाव्या शतकात ही वेस मोडकळीला आली होती. पाडून टाकावी, असं म्हणणारे पुष्कळ होते. १८६३ साली नागरिकांच्या सभेत मतदान झालं आणि एका मताने वेस वाचली. एका मताने! तेव्हा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर मतदान असतं आणि तुम्ही ‘माझ्या एका मताने काय होणार’ म्हणून गप्प बसता, तेव्हा ल्युबेक आठवत जा.

वेशीच्या शेजारी, नदीच्या काठाला, विटांच्या सहा उंच कोठारांची एक ओळ आहे. छपरं अशी निमुळती की शाळेतल्या पेन्सिली उभ्या केल्यासारखी. ही मिठाची कोठारं. १५७९ पासून १७४५ पर्यंत एकेक करून बांधली गेली. पण मिठाचा व्यापार त्याच्या कितीतरी आधीचा. दक्षिणेला ल्युनेबुर्ग नावाचं गाव आहे. तिथे जमिनीखालून खारं पाणी येतं. ते उकळून मीठ काढायचे आणि गाड्यांवर घालून ल्युबेकला आणायचे. गाडीवाट अपुरी पडायला लागली म्हणून कालवा खणला. १३९८ साली त्या कालव्यातून मिठाच्या नावा ल्युबेकला पोचल्या. इथून ते मीठ जहाजांनी स्वीडनच्या किनाऱ्याकडे जायचं. तिथे हेरिंग मासा अमाप. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा. त्या काळी युरोपात उपासाच्या दिवशी मांस चालत नसे, मासा चाले. पण मासा टिकवायचा कसा? खारवून. म्हणजे मीठ उत्तरेला जाणार आणि खारवलेल्या माशांची पिंपं साऱ्या युरोपात पसरणार. मोठमोठी घरं, आकाशात घुसलेली चर्चं, या सगळ्या वैभवाच्या तळाशी बऱ्याच अंशी हा सुकट-बोंबलाचा धंदा होता. आपल्या करंजा-दिघोड्याच्या माणसाला हे समजवायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.

त्या कोठारांसमोर नदीकाठी एक बाक आहे. तिथे बसून मी डबा उघडला. थेपले होते. शेजारी एक आजी बसल्या होत्या. साधारण ऐंशीच्या, इंग्रजी चांगलं बोलणाऱ्या. डब्याकडे बघून त्यांनी विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, नवी मुंबई. मुंबई त्यांना माहीत होती. ‘नवी’ म्हणजे किती नवी, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, १९७० पासून वसवायला घेतलेलं शहर. मुंबईची गर्दी कमी व्हावी म्हणून खाडीपलीकडे नवं शहर आखलं, त्यासाठी सिडको स्थापन झाली, वगैरे. आपल्याला पाठच आहे ते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "मग त्याआधी तिथे काय होतं?"

मी थेपला तोडता तोडता म्हटलं, "काही नव्हतं. खाजण आणि मिठागरं."

आजी एक क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. मग समोरच्या कोठारांकडे हात करून हसल्या आणि म्हणाल्या, "काही नव्हतं म्हणता, आणि मीठ होतं म्हणता. आमचं हे सगळं शहर त्या ‘काही नव्हतं’वरच उभं आहे."

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. टोमणा नव्हता. थोड्या वेळाने मला कुठल्या दुकानातलं मार्झिपान घ्यावं हेही सांगून त्या निघून गेल्या. (मार्झिपान म्हणजे ल्युबेकची प्रसिद्ध मिठाई. खाऊन बघितलं, बदामबर्फीच ती.) पण माझा थेपला हातातच राहिला.

दुपारी मी तिथलं मारिएनकिर्शं हे मोठं चर्च बघायला गेले. साडेअडतीस मीटर उंचीची विटांची कमान आहे आत. मान दुखते बघताना. पण लोक थांबतात ते वर बघायला नाही, खाली बघायला. दक्षिणेकडच्या मनोऱ्याच्या तळाशी फुटलेल्या दोन प्रचंड घंटा पडल्या आहेत. २८ मार्च १९४२ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी ल्युबेकवर बाँब टाकले. जुनं शहर जळालं, चर्च जळालं आणि मनोऱ्यातल्या घंटा खाली कोसळल्या. युद्धानंतर चर्च पुन्हा उभं केलं. घंटा मात्र जशा पडल्या तशाच ठेवल्या. फरशीत रुतलेल्या, चिरफाळलेल्या. आणि जवळच खिळ्यांचा एक क्रूस आहे, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराकडून आलेला. ते शहर नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी उद्ध्वस्त केलं होतं. म्हणजे आपल्यावर काय गुदरलं तेही तिथेच, आणि आपल्या लोकांनी दुसऱ्यावर काय आणलं त्याची आठवणही तिथेच.

संध्याकाळी गाडीने नदीच्या मुखाशी, त्रावेम्युंडेला गेले. तिथे बाल्टिक समुद्र. वाळू पांढरी, पाणी गार. मी हात बुडवला आणि, सर, बोट चाटून बघितलं. जवळजवळ अळणी! बाल्टिकला नद्या पुष्कळ मिळतात आणि ऊन कमी, त्यामुळे तिथलं पाणी आपल्या समुद्राच्या निम्म्यानेही खारट नाही. समुद्र दाराशी असून या लोकांना मीठ जमिनीतून काढून, कालवा खणून आणावं लागलं. आणि आपल्याकडे भरतीचं पाणी आपण होऊन दारात यायचं, ऊन फुकट, आणि मी म्हणाले होते, काही नव्हतं.

परतीच्या गाडीत मला आठवीचा वर्ग आठवला.

आता जे सांगते ते माझ्या एका वर्गमैत्रिणीबद्दल आहे. ती आज इथे आहे. नाव घेत नाही, पण तिला विचारून सांगते आहे. आपल्या वर्गात तेव्हा दोन तट होते, हे आज मान्य करायला हरकत नाही. सेक्टरमधली मुलं आणि गावातली मुलं. आम्ही सेक्टरवाले, मुंबईत जागा परवडेना म्हणून आई-वडिलांबरोबर पुलावरून आलेले. गावातली मुलं कुठून आलेली नव्हती, ती इथलीच. बाकं एक, गणवेश एक, पण मधल्या सुट्टीत डबे वेगवेगळे उघडायचे. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट असली की आम्ही नाकाला रुमाल लावायचो. आम्हीच, बरं का. मी त्यात होते.

मराठीच्या बाईंनी निबंध दिला होता, ‘माझे गाव’. आम्ही सगळ्यांनी कोकणातलं नाहीतर घाटावरचं आजोळ लिहिलं. हिने आपलं गाव लिहिलं. त्यात एक वाक्य होतं की जिथे आपल्या शाळेचं मैदान आहे तिथे तिच्या आजोबांचं भातशेत होतं आणि पलीकडे, जिथे आता रस्ता आहे, तिथून मिठागर सुरू व्हायचं. तेव्हा पहिल्या बाकावरून मी मोठ्याने म्हणाले, "मग शाळेकडून भाडं घे की!"

वर्ग फुटला. पुढे कितीतरी दिवस मुलं तिला ‘मालकीणबाई’ म्हणायची.

बाई, तुम्ही आम्हाला ओरडला नाहीत. तुम्ही तिला पुढे बोलावून तो निबंध पुन्हा, पहिल्यापासून वाचायला लावलात. तिने वाचला. आम्ही गप्प बसलो. आणि मला आज सगळ्यात लाज कशाची वाटते सांगू? माझा विनोद मला शब्दशः आठवतो. तिने दुसऱ्यांदा वाचलेल्या निबंधातलं एक वाक्यही आठवत नाही. मी गप्प होते, पण ऐकत नव्हते.

भारतात परत आल्यावर मी तिला फोन केला. चोवीस वर्षांनी. तिने पहिल्यांदा विचारलं, "कुणाचं लग्न आहे का?" मग मी तिच्या घरी गेले. आपल्या सेक्टरांच्या मधोमध ते गावठाण आहे. मी आयुष्यभर त्याच्या कडेकडेने गेले होते, आत पहिल्यांदाच गेले. तिची आई ओटीवर बसली होती. मी धीर करून ल्युबेकची गोष्ट सांगितली, मी आजींना काय म्हणाले तेही सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "काय नव्हता म्हनजे? आमी व्हतो ना!"

मग त्यांनी मला मीठ कसं पिकतं ते सांगितलं. हो, मीठ ‘पिकतं’, तयार होत नाही. दिवाळीनंतर बांध दुरुस्त करायचे. उघाडीतून भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि मोठ्या वाफ्यात उन्हात ठेवायचं. ते दाट होत गेलं की पुढच्या, त्याहून लहान वाफ्यात सोडायचं. शेवटच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखा घट्ट केलेला असतो, नाहीतर मिठात चिखल येतो. मीठ धरलं की ते ओढून बांधावर रास करायची. ओढायचं काम पुरुषांचं, पाट्या भरून डोक्यावरून वाहायचं बायकांचं. पायाला भेगा पडायच्या आणि त्या भेगांत मीठ जायचं. पाऊस यायच्या आत राशी पेंढ्याने शाकारायच्या. पावसाळ्यात भातशेती, खाडीत मासे. ‘आगरी’ हे नाव ज्यावरून आलं ते आगर हेच.

जानेवारी १९८४ बद्दलही त्या बोलल्या. आपण तेव्हा बालवाडीत होतो. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं होतं. तिला योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला जासई-दास्तान फाटा आणि नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचे, हे धोरण त्या लढ्यातून आलं. तिचे काका त्या दिवशी तिथे होते. लाठीचा वण त्यांच्या खांद्यावर शेवटपर्यंत होता. आठ-नऊ वर्षांनी त्यांची पुतणी वर्गात उभी राहून निबंध वाचत होती आणि मी म्हणत होते, भाडं घे.

आणि माझ्या पडद्यावरची ती अक्षरं, एनएसए? बंदरासाठी शेवा गाव उठलं. लोकांना उरणजवळ नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा इथे वसवलं. १९८९ साली बंदर सुरू झालं. जगातल्या प्रत्येक बंदरात आज त्या गावाचं आद्याक्षर रोज टाइप होतं, आणि टाइप करणाऱ्या मला ते गाव आहे हेच माहीत नव्हतं.

मी काही शहर नको होतं म्हणत नाही. माझ्या आई-वडिलांना या शहराने पहिलं स्वतःचं घर दिलं. १९९२ साली वाशीला पहिली लोकल आली तेव्हा आपण सगळे मिळून बघायला गेलो होतो, गावातले आणि सेक्टरमधले. या शहरामुळेच मी इंजिनिअर झाले. प्रश्न तो नाही. ल्युबेकनेही जुनं सगळंच तसंच ठेवलेलं नाही. पण आपण कशावर उभे आहोत हे त्यांनी वेशीजवळच मांडून ठेवलं आहे, येणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसावं असं. आपल्याकडे ते सांगणारी माणसं आहेत, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. आणि ती आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

म्हणून माझी एक मागणी आहे. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेला संगणक देणार आहोत, ते देऊच. त्याबरोबर आणखी एक काम करू. आपल्या वर्गातल्या गावांतल्या मित्रमैत्रिणींच्या घरी जाऊन त्यांच्या आई-वडिलांचं बोलणं रेकॉर्ड करू. कुठलं शेत कुठे होतं, त्याला काय नाव होतं, मिठागराचा बांध कुठून जायचा, खाडीत कुठला मासा मिळायचा. ते लिहून काढून नकाशासकट शाळेच्या वाचनालयात ठेवू. सॉफ्टवेअर, साठवण, नकाशा ही माझी जबाबदारी. दर रविवारी दोन तास मी देईन. मला आणखी चार जण हवे आहेत. एक नाव आधीच आलं आहे, निबंध लिहिणारीचं. आठवीतला तो निबंध ती पुन्हा लिहून देणार आहे. या वेळी मी ऐकणार आहे.

हे भाषण करू का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कर. पण भाडं अजून मिळालेलं नाही, तेही सांग."

सांगितलं.

जाताना दाराशी दोन डबे ठेवले आहेत. एकात ल्युबेकचं मार्झिपान आहे. दुसऱ्यात छोट्या पुड्या आहेत, उरणच्या मिठागरातल्या जाड्या मिठाच्या. मार्झिपान इथेच संपवा. पुडी घरी न्या, मुलांना दाखवा, आणि त्यांनी विचारलं की आपल्या शहराच्या आधी इथे काय होतं, तर ‘काही नव्हतं’ एवढं मात्र म्हणू नका. इतकी वर्षं इथलं मीठ खाल्लं आहे आपण.